इश्यू स्लिप नसलेलं संगीत

संगीत ऐकून सुखावणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण संगीत ऐकलं की ज्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा, असा माणूस देवानं एकच घडवला आणि तो नेमका सौदी अरेबियातल्या जुबैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये, माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला. त्याच्याबद्दल लिहायचं मी वीस वर्षं टाळलं. मित्रांच्या बैठकीत त्याचे किस्से सांगून मी लोकांना पोट धरधरून हसवलं आहे, पण प्रत्येक वेळी एका ठिकाणी आलो की थांबायचो आणि पाणी प्यायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, किस्सा संपला. आता माझं वय पंचाहत्तरच्या पुढे गेलं आहे, मुलाकडे सौदीतच, खोबर शहरात राहतो, आणि हल्ली रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो तो हा, की हे सांगायचं राहून गेलं तर?

सगळे त्यांना स्टोअरवाले भाई म्हणत. मूळचे दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे; मी नाशिकचा. प्लांटमध्ये मी मेन्टेनन्सला आणि ते स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरला. चाळीस हजार सुटे भाग, आणि कुठला नट कुठल्या रॅकवर आहे हे त्यांना पाठ. एखाद्या पंपावर भलताच गॅस्केट बसवलेला दिसला की ते पंपासमोर उभे राहून दुःखानं म्हणत, "हा इथला नव्हे. दुसऱ्या कुणाचा तरी काढून लावलाय." स्टोअरमधून साधा वायसर बाहेर पडायचा असला तरी त्यांना इश्यू स्लिप लागे. कोणी बनवला, कुठून आला, कुठे चालला, कोणी नेला. एकदा जनरल मॅनेजर स्वतः येऊन टॉर्चचे सेल मागू लागले, तर भाईंनी उभं राहून आदरानं सलाम केला, खुर्ची पुसून दिली आणि स्लिपचं पुस्तक पुढे केलं.

स्वभाव काळजीचा. इकाम्याच्या, म्हणजे आमच्या राहण्याच्या परवान्याच्या, त्यांच्याकडे सात झेरॉक्स. एक पाकिटात, एक गाडीत, एक बुटात. बुटात कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाकीट मारलं, गाडी चोरीस गेली, तरी माणूस अनवाणी थोडाच फिरतो?" विमानतळावर ते पाच तास आधी पोचत. शुक्रवारी सकाळी कतीफच्या बाजारात मासळी आणायला आम्ही दोघं जात असू. तिथं सुरमईचा कल्ला उचलून बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की विकणाऱ्यालाच आपल्या मासळीची शंका येई. घरी परतेपर्यंत ते चार वेळा विचारत, "नाशिककर, बर्फ कमी घेतला काय रे आपण?"

या माणसाला जुन्या हॉलिवूडच्या सिनेमांचं वेड कसं लागलं ते कोणालाच कळलं नाही. त्या वेळी आमच्या भागात एका वाहिनीवर जुने, काळेपांढरे अमेरिकन सिनेमे लागत, आणि बहारीनला जाऊन आलेला प्रत्येक जण दोन-चार कॅसेट घेऊन येई. गुरुवारी संध्याकाळी, सुट्टी लागली की मी वर जायचो. भाई सुलेमानी चहा ठेवायचे. सिनेमा सुरू व्हायचा. नायक कोण, नायिका कोण, खून कोणी केला याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते डोळे मिटून बसत. घोडे उधळले, वाद्यांचा एकच गदारोळ झाला, की भाई दचकून डोळे उघडत आणि पंपासमोर म्हणत तेच वाक्य म्हणत, "हे इथलं नव्हे."

"म्हणजे?"

"हे समुद्री चाच्यांच्या सिनेमातलं. जहाजाला आग लागते तिथलं. काढून इथं घोड्यांना लावलंय."

मी पहिल्यांदा हसलो. मग त्यांनी उठून ती दुसरी कॅसेट लावली, पुढेमागे करून जहाज शोधलं, आणि खरंच तेच संगीत! तोच कर्ण्यांचा चढता आवाज, तेच शेवटी धपकन कोसळणं. घोड्यांच्या जागी लाटा एवढाच काय तो फरक. पुढे त्यांनी मला सगळी व्यवस्था समजावून दिली. त्या काळी तिकडच्या मोठमोठ्या स्टुडिओंकडे संगीतकार पगारावर असत. त्यांनी जे लिहिलं त्याची मालकी स्टुडिओची. एका सिनेमासाठी वाजवून घेतलेलं संगीत कपाटात जाऊन पडे, आणि स्वस्तातला सिनेमा घाईनं पुरा करायचा असला की त्यातलंच काढून जोडत. वादळाचं वादळाला, पाठलागाचं पाठलागाला. मूकपटांच्या दिवसांत तर युरोपातल्या जुन्या सिंफनींचे तुकडेच कापून वाजवत. कधी संगीतकार स्वतःच आपली पाच वर्षांपूर्वीची चाल थोडा रंग देऊन पुन्हा वापरी. आणि पडद्यावर नाव लागे ते भलत्याच माणसाचं, नाहीतर कोणाचंच नाही.

"म्हणजे चोरीच की," मी म्हणालो.

भाई दुखावले. "चोरी कसली? स्टोअर आहे, स्टोअरातनं माल काढला. लागतो, काढावाच लागतो. पण स्लिप कुठाय? ज्यानं रात्र रात्र बसून ते वादळ लिहिलं, त्याचं नाव स्लिपवर नको काय?"

ती स्लिप करायचं काम मग भाईंनी आपल्या अंगावर घेतलं. कोणीही सांगितलेलं नसताना. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, सरगमही नीट येत नसे, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. प्रत्येक तुकड्याला स्टोअरसारखा नंबर. पाठलाग-१७, वादळ-४, जंगल-९. प्रेमप्रसंगांना काय म्हणावं याचा पेच पडला तेव्हा संकोचून त्यांनी 'सलोखा' हा शब्द ठरवला. तिथं नायक-नायिका एकमेकांच्या मिठीत, आणि हे खाली मान घालून लिहिताहेत, सलोखा-६, वाजला एक मिनिट चाळीस सेकंद. चाल रोमन लिपीत लिहायची, टॅन टॅन टारारा, आणि शेजारी बाण, वर जाते की खाली येते. घोड्यांसाठी तांबडी शाई, समुद्राला निळी, जंगलाला हिरवी. एकच तुकडा तिन्हीकडे फिरून आला असेल तर त्या ओळीला तिन्ही रंग. अकरा वर्षांत पाच वह्या भरल्या. तीनशेवर तुकडे. काही ठिकाणी लिहिण्याच्या ढंगावरून, म्हणजे अमुक माणूस तुतारीनंतर नेहमी क्षणभर थांबतो अशासारख्या खुणांवरून, हे मूळ कोणाचं असावं याचा अंदाज. पाठलाग-१७ हे ज्याचं म्हणून समजलं जाई त्याचं नसून त्याच्या हाताखालच्या एका विसरल्या गेलेल्या माणसाचं आहे, ही त्यांची सर्वांत लाडकी शोधनोंद. ती सांगताना त्यांचा आवाज हळू होई, जणू तो माणूस शेजारच्या खोलीत झोपला आहे.

मग एकदा एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांना अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाचा पत्ता मिळाला. त्याचा विषय हाच. भाईंनी पत्र लिहिलं, आणि दोन महिन्यांनी चक्क उत्तर आलं! तुमच्या याद्या पाहायला मला मनापासून आवडेल, मूळ वह्या पाठवल्यात तर काम झाल्यावर परत करीन, असं. भाईंनी ते पत्र लॅमिनेट करून इकाम्यासोबत ठेवलं. आणि इथून काळजी सुरू झाली. वह्या इथून पोस्टानं पाठवायच्या म्हणजे धोका. "पाच वह्या भरून नुसते मिनिट-सेकंद नि टॅन टॅन. कोणी उघडलं तर? गुप्त लिपी समजतील रे! कफीलला बोलावतील." कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो इथला मालक. झेरॉक्स काढून ठेवा म्हटलं, तर ऑफिसचं मशीन खासगी कामाला वापरणं त्यांना मान्य नाही, आणि बाहेरच्या मशीनवर तांबडं-निळं-हिरवं सगळं काळंच उमटतं. "रंग गेले तर राहिलं काय?" शेवटी त्यांनी मार्ग काढला. मी सुट्टीवर निघालो होतो. वह्या मी न्यायच्या आणि नाशिकहून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायच्या.

आखातातल्या आमच्या माणसांचा एक अलिखित कायदा आहे, आणि तो न पाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सुट्टीवर जाणाऱ्याकडे बाकीचे आपापली पुडकी देतात. कोणाच्या आईचं औषध, कोणाच्या पोरीचा फ्रॉक. बॅगेत आधी दुसऱ्याचं पुडकं, मग आपली वस्तू. वजन जास्त झालं तर आपलं काढायचं. भाई या कायद्याचे मोठे न्यायाधीश. निघायच्या आदल्या दिवशी ते टांगता वजनकाटा घेऊन खाली आले, वह्यांचं प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेलं पुडकं स्वतःच्या हातानं बॅगेच्या मधोमध ठेवलं, आणि बॅग काट्याला टांगून म्हणाले, "बरोबर तीस. आता यात टाचणी घालू नको."

मी टाचणी घातली नाही. मी ब्लँकेट घातलं. ते जाडजूड, गुबगुबीत कोरियन ब्लँकेट, वर डरकाळी फोडणारा वाघ. माझ्या सासूबाईंनी दोन वर्षं मागितलेलं. बायको म्हणाली, "चार किलो कोण बघतंय?"

दम्माम विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं बघितलं. "चार किलो काढ. यल्ला, यल्ला, लवकर." मागं रांग. मी जमिनीवर बॅग उघडून बसलो. पुढच्या पाच मिनिटांत मी जे केलं ते सविस्तर सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी वाघ बाहेर काढला. मग सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. वाघ परत आत गेला आणि पुडकं बाहेर आलं. शिवाय दोन डबे खजूरही काढले. तिथं खांबाशी लोकांनी वजनापायी सोडलेल्या वस्तूंचा ढीग होता, कुकर, पिशव्या, एक छत्री. त्यात मी ते ठेवलं. कोणाला तरी फोन करू, तो येऊन घेऊन जाईल, असं मनाशी म्हटलं. मग विमान, मग नाशिक, मग लग्नं आणि पाहुणे. फोन मी आठव्या दिवशी केला. एक मित्र, पुडकं कशाचं हे न विचारताच, जाऊन बघून आला. खांब होता.

परतलो तेव्हा भाई विमानतळावर घ्यायला आले होते. पाच तास आधीपासून. माझी बॅग हातातून घेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोस्ट केलंस?"

"हो. रजिस्टर्ड."

"पावती?"

"नाशिकला राहिली."

एवढंच. दोन छोटी वाक्यं. मला वाटलं होतं, आज वेळ मारून नेऊ, उद्या नीट बसून सांगू. उद्या भाई पत्र येण्याचे दिवस मोजत बसले होते. परवाही.

पुढचं एक वर्ष मी जिन्यात पावलं वाजली की दचकत असे. भाई रोज कंपनीची टपाल खोली गाठत. परतताना माझं दार अर्धं उघडं दिसलं की डोकावून म्हणत, "आज नाही." जणू मीही वाटच पाहतो आहे. पाहत होतोच, पण कशाची? पत्र येणार नाही हे माहीत असलेला मी जगातला एकटा माणूस. सहा महिन्यांनी ते म्हणाले, "मोठा माणूस आहे, वेळ लागेल." आठ महिन्यांनी, "माझं इंग्रजी वाईट असेल." वर्ष झालं तेव्हा एका गुरुवारी मी वर गेलो, टीव्हीवर घोडे उधळत होते, कर्णे वाजत होते, आणि भाई डोळे उघडे ठेवून नुसते बघत होते. मला तेव्हा तो सूर ओळखू आला. मी मुद्दाम म्हणालो, "भाई, हे इथलं नाही ना?"

"कोण जाणे," ते म्हणाले. "मला वाटायचं मला कळतं. त्या माणसानं बघितलं असेल नि ठेवून दिलं असेल बाजूला. उगाच काय दुखवायचं म्हणून लिहिलं नसेल." मग चहा घेत म्हणाले, "इसम चांगलाच. वह्या परत पाठवल्या असत्या तर जास्त वाईट वाटलं असतं."

त्यानंतर त्यांनी पेन खिशाला लावलं ते फक्त स्टोअरपुरतं.

अजून एक आहे, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट आहे. काही वर्षांनी घरोघरी ईमेल आलं. भाईंची मुलगी कॉलेजात होती, तिनं त्यांना सांगितलं, अब्बा, त्या प्राध्यापकाला ईमेल करून विचारा ना. भाई माझ्याकडे सल्ला मागायला आले. मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी विचारणं बरं नाही दिसत, भाई. तगादा लावल्यासारखं होईल." त्यांनी लगेच मान डोलावली. "खरं आहे तुझं. बरं झालं विचारलं तुला."

मग त्यांची निवृत्ती आली. फायनल एक्झिट, म्हणजे पुन्हा न येण्याचा शिक्का. निघण्याआधी ते मक्केला उमरा करून आले. डोक्याचे केस काढलेले, चेहरा लहान मुलासारखा झालेला. मला झमझमचं पाणी आणि खजूर दिले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी दुआ मागितली. नि एक ओझं होतं रे छातीवर, ते उतरवून आलो. त्या प्रोफेसरविषयी मनात अढी होती. एक ओळ लिहायला काय झालं होतं त्याला, असं वाटायचं. तिथं बसून माफ केलं त्याला. खलास."

मी त्यांच्या हातातून खजुराचा डबा घेतला आणि धन्यवाद म्हणालो.

विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो. वाटेत, गाडीत, सांगायचं ठरवलं होतं. दीड तासाचा रस्ता. भाई तेवढा वेळ पासपोर्ट, तिकीट, पासपोर्ट असं तपासत होते. काउंटरवर बॅग ठेवली. काटा तीन किलो पुढे. मला धक्काच बसला. वजनकाट्याचा मालक आणि तीन किलो जास्त? भाई ओशाळून म्हणाले, "सकाळी दोघं जण पुडकी घेऊन आले. नाही कसं म्हणू?" त्यांनी जमिनीवर बॅग उघडली. मी मागं उभा. आत सहा पुडकी होती, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात नाव. सहाही त्यांनी एकीकडे सारली, बोट लावून मोजली आणि जागच्या जागी ठेवली. मग स्वतःचे नवे बूट काढले. नंतर तळातून ब्लँकेट ओढून काढलं, गुलाबाच्या फुलांचं, बायकोसाठी घेतलेलं. ते माझ्या हातात दिलं. "ठेव तुला. एसीत पांघर."

"भाई, भाभींसाठी घेतलंय ना?"

"तिला सांगेन काहीतरी. ही लोकांची अमानत आहे, नाशिककर. ती राहिली तर माणसानं तोंड कसं दाखवायचं?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना तसं येतच नव्हतं. ब्लँकेट छातीशी धरून मी उभा राहिलो. पासपोर्टच्या रांगेपाशी पोचल्यावर ते वळले, माझ्याकडे निरखून बघितलं, गॅस्केट बघावा तसं. "काही बोलायचं होतं काय रे?"

मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा."

त्यांनी केला. दर ईदला करत राहिले. आणि मी दर वेळी हवा, मासळी, गुडघे यांच्याविषयी बोलत राहिलो. दोन वर्षांपूर्वी ईदला फोन आला नाही, आणि मग त्यांच्या मुलीचा आला.

गेल्या महिन्यात मुलाच्या घरी टीव्हीवर कोणी तरी एक व्हिडिओ लावला. जुन्या हॉलिवूडमध्ये एकच संगीत किती सिनेमांत फिरलं हे दाखवणारा, तिकडच्या एका हुशार तरुणाचा. लाखो लोकांनी पाहिलेला. त्यात जहाज होतं, घोडे होते. आणि शेवटी तो तरुण अभिमानानं म्हणाला, की हे मूळ त्या हाताखालच्या विसरल्या गेलेल्या माणसाचं असावं, हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी एकदम उठून उभा राहिलो. "आलं होतं! हे पाठलाग-१७ आहे!" नात म्हणाली, "आजोबा, व्हॉट इज पाठलाग-१७?" त्या तरुणाची काही चूक नाही. त्यानं स्वतः शोधलं आहे. त्याच्या आधी एका स्टोअरकीपरनं ते जुबैलला बसून, तांबड्या-निळ्या शाईनं लिहून ठेवलं होतं, हे त्याला कळणार कुठून? ती वही मी खांबाशी ठेवून आलो होतो.

म्हणून ही स्लिप मी आज फाडतो आहे. माल, पाच वह्या. बनवणारे, स्टोअरवाले भाई. हरवणारा, मी. वाघाचं ब्लँकेट नाशिकला कपाटात आहे, सासूबाईंनी ते जड होतं म्हणून कधी पांघरलंच नाही. गुलाबांचं इथं माझ्या पायथ्याशी आहे.

भाईंना सोडायला गेलो त्या दिवशी विमानतळाच्या पार्किंगमध्ये, ते ट्रॉली आणायला गेले होते तेव्हा, मी गाडीच्या आरशात बघून वाक्यं पाठ केली होती. अजून जशीच्या तशी पाठ आहेत. भाई, वह्या मी पाठवल्याच नाहीत. त्या माणसानं त्या कधी पाहिल्याच नाहीत. तुम्हाला कळत होतं, सगळं बरोबर कळत होतं. ज्याला माफ करून आलात तो मी आहे, मला करा.